आधी फोटो, मग गाऱ्हाणं

आमच्या राजारामपुरीतल्या दवाखान्यात कुणी पहिल्यांदा आलं की हमखास भांडण होतं. माणूस लांबून आलेला असतो, एसटीत उभं राहून वैतागलेला असतो, आणि सगळं एकदाचं डॉक्टरच्या कानावर घालायचं म्हणून रस्ताभर मनात जुळवत आलेला असतो. दारातनंच सुरू करतो, "नमस्कार डॉक्टरीणबाई. त्याचं काय झालं, गेल्या बेंदराला बैलानं मला ढकललं आन् तवापास्नं..."

"थांबा!" आमची बायको दोन्ही हात कानांवर ठेवून ओरडते. "सांगू नका! एक शब्द सांगू नका मला!"

पावणं जागच्या जागी गार. कोल्हापुरात पेशंटचं गाऱ्हाणं न ऐकणं म्हणजे जेवायला बोलवून ताट न वाढण्यासारखंच. काही जण तावातावानं परत निघतात. त्यांना जिन्यावरनं वळवून आणायचं काम माझं.

तोवर ही आत गेलेली असते. एक्स-रेचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावलेला, नाक फोटोला टेकायचं तेवढं बाकी. बघते, बघते, काहीतरी खरडते, मग बाहेर येते, खुर्ची ओढून पावण्यासमोर बसते आणि म्हणते, "हं, आता सांगा. बैलापासनं सुरू करा." मग मात्र इतकं विचारते की पावणं घाईला येतात. घरात जनावरं कुठली? दूध तापवता का? पूर्वी कुठं कामाला होता? बैलाचं नाव तेवढं विचारायचं राहतं.

मी रुद्रेश हत्तरकी, गुळाचा अडत व्यापारी. आणि ही शिवलीला, माझी बायको, एक्स-रे बघणारी डॉक्टर. आता दोन हजार सहा साल आहे, निम्मे फोटो काचेच्या पेटीवरून संगणकावर आलेत, पण तिचा हा नियम हललेला नाही. हा नियम तिनं कुठल्या परिषदेतनं आणलेला नाही. तो आमच्या गल्लीत तयार झाला, आणि त्याला कारण झाला माझा शाळेतला मित्र हंबीरराव.

आधी शिवलीलाबद्दल सांगतो. माहेर निपाणीचं, घरात कानडी, दुकानात मराठी. शांत बसणं तिला लहानपणापासून जमलेलं नाही. मी तिला बघायला गेलो तेव्हा बोलायला काही सुचेना म्हणून सांगून टाकलं, की शाळेत असताना माझं मनगट मोडलं होतं. मुलगी मान खाली घालून बसलेली ती ताडकन वर बघून म्हणाली, "अय्यो! फोटो आहे काय त्याचा?" आमची आई घाबरलीच. मला मात्र पोरगी जागेवर पसंत पडली.

त्र्याण्णव साली तिनं दवाखाना काढला. लोक क्रिकेट बघतात तशी ती फोटो बघते. मोठ्यानं बोलत, मध्येच टाळी देत. जेवताना फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मला विचारणार, "दिसलं? ही रेघ दिसली?" मला कुठली दिसायला! मी आपला हो म्हणायचो. दोन-तीन वर्षांत तिच्या डोळ्याचं गावात नाव झालं. तिनं बघितलं म्हणजे झालं, असं डॉक्टर म्हणू लागले. हाडांचे सर्जन डॉ. अभिराम खासनीस तर तिचे सरच. त्यांच्या हाताखाली ती शिकलेली, त्यांचा शब्द तिला प्रमाण. त्यांची चिठ्ठी घेऊन पेशंट आला की ती आधी चिठ्ठी वाचायची, मग फोटो लावायची. ह्यात वावगं काय आहे, असं तेव्हा कुणालाही वाटलं नसतं.

आता हंबीरराव. तरुणपणी तालमीत घुमलेला, कान मोडलेला, खांद्याला खांदा लागला की आपल्यालाच लागणारा माणूस. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचा दूधकट्टा. संध्याकाळ झाली की त्याच्या म्हशी रस्त्याकडेला येऊन उभ्या राहायच्या, आणि गिऱ्हाईक ग्लास पुढं करेल त्यात तो थेट धार काढायचा. वर हा एवढा फेस! ते कोमट, धारोष्ण दूध तिथंच उभं राहून प्यायचं, मिशीवरचा फेस पुसायचा आणि घरी जायचं. आमच्या गल्लीत दूध तापवून पिणारा माणूस आजारी समजला जायचा. आम्हीही रोज जायचो. शिवलीलाच्या ओठावर फेसाची मिशी उमटली की हंबीरराव ओरडायचा, "वैनी, आता तुमीबी तालमीत या की!"

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात ह्या गड्याची कंबर धरली. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घामानं अंथरूण ओलं. त्याचा थोरला भाऊ आण्णा काही वर्षांपूर्वी छातीच्या टीबीतनं उठलेला. खासनीस सरांनी तपासलं आणि चिठ्ठी दिली, "भावाला टीबी होती. ह्याच्या मणक्याला टीबी असावी. फोटो पाहून कळवणे."

शिवलीलानं चिठ्ठी वाचली, फोटो लावला. कमरेच्या एका मणक्याचा काठ कुरतडलेला. तिनं लिहिलं, "टीबीशी जुळते आहे." सरांनी ते वाचलं आणि केसपेपरवर लिहिलं, टीबी. असावी गेलं, जुळतेय गेलं, नुसती टीबी राहिली. औषधं सुरू झाली.

पहिले काही आठवडे बरं वाटलं. हंबीरराव कट्ट्यावर येऊन बसायला लागला, आम्ही खूश. मग दिवाळीच्या आधीच पुन्हा धरलं, ते पहिल्यापेक्षा वाईट. दुसरा फोटो काढला. शिवलीलानं तो लावला, पण टीबी आहे हे आता पक्कं ठाऊक होतं, त्यामुळं ती बरी किती झाली एवढंच तिनं बघितलं. हाडाला नवी वाढ दिसली. तिनं लिहिलं, "हळूहळू भरून येत आहे." तिकडं माणसाला अंथरुणावर कूस बदलता येत नव्हती आणि इकडं कागदावर तो बरा होत होता!

जानेवारी उजाडला तसा सरांनी निर्णय घेतला. औषधाला दाद देत नाही अशी टीबी आहे, पाठ उघडून साफ करावी लागेल, पट्ट्या घालून मणके बांधावे लागतील. सरांनी स्पष्ट सांगितलं, तिथं पायाकडं जाणाऱ्या नसा आहेत, पाय लुळे पडण्याचा धोका आहे. ऑपरेशन संक्रांतीची कर उलटली की लगेच ठरलं.

मी भेटायला गेलो तर हा भिंतीकडं तोंड करून पडलेला. मला म्हणाला, "रुद्र्या, पाय गेलं तर म्या काय करू? म्हशीम्होरं नुस्ता बसून ऱ्हाऊ?" त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. मी त्याचे पाय दाबत बसलो.

त्याच आठवड्यात शिवलीला तिळगुळासाठी गूळ न्यायला माझ्या अडतीवर आली. सौदे संपत आले होते. गुळाचे रवे, म्हणजे बादलीएवढ्या ढेपा, ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येक ओळीवर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी. मी ऐटीत तिला दाखवत होतो. हा गडमुडशिंगीच्या गुंडू चौगुल्याचा, ह्याच्या गुळाला बघायचंच नाही, डोळे झाकून वरचा भाव. आणि तो पलीकडचा मलकापूरकडच्या चिमणाबाईचा, तो जरा हलकाच असतो.

"तुम्ही गूळ बघून सांगताय की चिठ्ठी बघून?" ही हसत म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. तीन पिढ्यांचा धंदा, आणि ही फोटोवाली मला शिकवणार! मी म्हणालो, "काढ चिठ्ठ्या. मिसळ रवे. ह्या डोळ्यांना फसवून दाखव." तिनं हमालांना हाताशी धरून खरोखरच चिठ्ठ्या काढल्या, मला पाठ करून उभं केलं आणि रवे मिसळले. मी वळलो, प्रत्येक रव्याचा तुकडा फोडला, उजेडात धरला, जिभेवर ठेवला. पिवळाधमक, कणीदार, तोंडात विरघळणारा असा एक निवडला आणि छाती काढून सांगितलं, "हा चौगुल्याचा. ह्यात वाद नाही."

तो चिमणाबाईचा होता. चौगुल्याचा मी तिसऱ्या नंबरला टाकला होता.

अख्खा बाजार हसला. शेजारचे अडते ओट्यावर लोळायचे बाकी राहिले. उजेड नीट नव्हता, असं मी म्हणालो, तर आणखी हसले. कितीतरी वर्षं मी त्या बाईला नावावर कमी भाव लावला होता हे माझ्या लक्षात यायला संध्याकाळ झाली, आणि पुढच्या सौद्यापासून ते मी सुधारलं.

पण शिवलीला हसत नव्हती. तोंडातला गूळ तोंडात तसाच. मग एकदम माझा दंड धरून म्हणाली, "अहो! मीपण हेच करते की!"

"काय करतेस?"

"चिठ्ठी आधी वाचते! डॉक्टरनं टीबी लिहिलं की मला टीबी दिसते. पेशंट म्हणाला पडलो, की मला मोडलेलं हाड दिसतं. मी फोटो बघायच्या आधीच डोळ्यानं भाव लावलेला असतो!" ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की हमाल जमा झाले. तिळगुळाचा गूळ तिथंच विसरून ती घरी गेली.

संक्रांतीचा दुसरा दिवस, कर. त्या दिवशी कुणी नवं काम काढत नाही, दवाखानाही बंद. हिनं नेमका तोच दिवस धरला. कपाटातनं मागच्या वर्षाचे फोटो काढायला लावले, नाव असतं त्या कोपऱ्यावर मला कागद चिकटवायला लावले, आणि गड्डा पिसायला लावला. ती कोरी पाटी होऊन बघणार, मोठ्यानं सांगणार, आणि मी तिनं पूर्वी दिलेल्या रिपोर्टशी ताडून बघणार.

सुरुवातीला सगळं जुळत गेलं. मला बरं वाटलं, माझ्यासारखी हिची फजिती नको. मग एका छातीच्या फोटोवर ती ओरडली, "फासळ्या दोन मोडल्यात!" रिपोर्टात एकच होती. पहिली सापडल्याच्या आनंदात तिनं पुढं बघणंच सोडलेलं. नंतर एक न्यूमोनिया निघाला, जो तिनं पूर्वी नुसता सर्दी-खोकला म्हणून सोडला होता, कारण त्या आठवड्यात सगळ्या गावालाच सर्दी होती. दुसरी एखादी बाई खचली असती. ही मात्र पेटली. गाल लाल झालेले, केस सुटलेले, "अजून एक! पुढचा लावा!" असं चाललेलं. चूक सापडली की आपलीच मांडी थोपटायची. तिच्या ह्या उत्साहाचा मला तेव्हा रागच आला होता, खरं सांगतो.

मग मी कमरेचा एक फोटो लावला.

ती पुढं झुकली. गप्प झाली. ती गप्प झाली की समजायचं काहीतरी मोठं आहे.

"ह्याला टीबी म्हणून औषध चालू असेल तर चुकीचं आहे," ती हळूच म्हणाली, आणि मग आवाज चढत गेला. "हे बघा, टीबी मणक्याला खचवते, चेपून टाकते. हा मणका उंचीला पुरा आहे, ताठ उभा आहे. फक्त पुढचा, वरचा कोपरा कुरतडलाय. आणि इथं, इथं बघा, काठाला नवं हाड आलंय, पोपटाच्या चोचीसारखं. अहो, हा जनावरांचा ताप असणार! ब्रुसेला! गाभण जनावरांना होतो, आणि कच्च्या दुधातनं माणसाला येतो. पुस्तकात वाचलाय मी, आपल्याकडं कोण बघायला जातो त्याला! कोण आहे हा? आत्ता फोन करून विचारा, कच्चं दूध पितो काय म्हणून!"

माझ्या हातात रिपोर्ट होता. मी नाव वाचलेलं होतं. रिपोर्ट मी छातीशी धरला.

"बोला की!"

मी कोपऱ्यावरचा कागद ओढून काढला. तिनं नाव वाचलं. हंबीरराव. पावसाळ्यातला, पहिलाच फोटो.

ती मट्कन खाली फरशीवर बसली. "मी रोज संध्याकाळी त्या कट्ट्यावर उभी राहून दूध पिते," ती म्हणाली. "मला ते दूध कधी दिसलंच नाही." माझ्याही मनात तेच आलं होतं. कच्च्या दुधावर शंका घ्यायला आधी कोल्हापूर सोडायला पाहिजे!

पण बसायला वेळ कुठं होता? ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. हंबीरराव सरांच्या दवाखान्यात दाखल झालेला. तिनं सगळे फोटो उचलले, मी स्कूटर काढली, आणि आम्ही असे सुटलो की कोपऱ्यावरच्या हवालदारानं शिट्टी मारली तरी थांबलो नाही. मागं बसून ती माझ्या कानात ओरडत होती, "खात्री नाही हं अजून! पण रक्त तपासल्याशिवाय पाठीला हात लावू द्यायचा नाही!"

खासनीस सर दवाखान्यातच होते, उद्याची तयारी बघत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "शिवलीला, टीबीचा रिपोर्ट तुझाच आहे."

"हो सर. तुमची चिठ्ठी वाचून लिहिला. आणि तुम्ही माझा रिपोर्ट वाचून चिठ्ठी पक्की केलीत. मग फोटो कुणी बघितला, सर?"

मी भिंतीला टेकलो. सरांशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

सर चिडले. "औषधानं सुरुवातीला फरक पडला होता. तो कसा पडला?"

"टीबीच्या औषधांतली काही ह्या रोगालाही अर्धीमुर्धी लागू पडतात, सर. तेवढ्यावरच आपण दोघं खूश झालो. पटेल ते धरलं, बाकीचं सोडलं. दुसऱ्या फोटोत नवं हाड दिसलं, त्याला मी बरं होणं म्हटलं. रोगाचीच खूण होती ती."

तिनं फोटो पेटीवर लावला, केसपेपर उचलून पाठीमागं लपवला, आणि म्हणाली, "सर, हा गडी कोण, त्याचा भाऊ कोण, सगळं विसरा. नुसतं बघा."

म्हातारा माणूस बराच वेळ बघत राहिला. एकदा जवळून, एकदा मागं सरून. शेवटी त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "उद्याचं रद्द. रक्त पाठव पुण्याला." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ऐन वेळी माघार घ्यायला मन मोठं लागतं, आणि ते त्यांच्याकडं होतं.

आम्ही दोघं नाचतच खोलीत गेलो. आणि तिथं हंबीररावानं आम्हाला हाकलून काढायचं बाकी ठेवलं.

"माज्या म्हशीचं दूध?" तो उशीवरनं उठायला बघत गरजला. "वैनी, काय बोलतासा काय! निम्मं गाव दूध पितंय माजं! लेकुरवाळ्या बाया न्हेत्यात! ह्ये भाईर गेलं तर तोंड दावाय जागा न्हाई उरायची!"

"भावजी, नुसतं रक्त द्या. खोटं निघालं तर मी कट्ट्यावर येऊन सगळ्यांसमोर माफी मागते."

"न्हाई म्हंजी न्हाई! उद्या पाठ फाडा माजी, पाय गेलं तर जाऊं द्यात, पर म्हशीचं नाव घ्यायचं न्हाई!"

मलाही मग राहवलं नाही. "गाढवा, पाय गेल्यावर म्हैस काय खांद्यावर घेऊन फिरवणार आहे तुला?" मी ओरडलो. नर्स आत येऊन आम्हाला दटावून गेली. तो भिंतीकडं तोंड करून पडला.

त्याची बायको तानाबाई इतका वेळ पायथ्याशी बसून होती. ती शिवलीलाला म्हणाली, "वैनी, ह्यो ताप म्हशीला झाला तर काय हुतं वो?"

"म्हैस वरवर धडधाकट दिसते. पण पोटातलं रेडकू टिकत नाही, अवेळी पडतं."

तानाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "मागल्या उन्हाळ्यात आपल्या दोन म्हशी गाभडल्या की वो. तुमीच कोपरापातूर हात घालून रेडकं वढून काढलासा."

शिवलीलानं कपाळाला हात लावला. "तानाबाई, हे आम्हाला का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलंच न्हाई की."

हंबीररावानं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही, पण एक हात मागं केला. जाड, केसाळ हात, अस्तनी वर सारलेली. "घ्या रगात," तो पुटपुटला. शिवलीलानं स्वतः सुई घेतली.

पुण्याहून निकाल यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी अडतीवर काय भाव बोललो, मलाच माहीत नाही. फोन आला तेव्हा शिवलीला सोनोग्राफी करत होती. कानाला फोन लावून तिनं ऐकलं आणि आत झोपलेल्या गरोदर बाईला सोडून बाहेर धावत येऊन मला मिठीच मारली, बाकावर पेशंट बसलेले असताना! ब्रुसेलाच होता. औषधं बदलली. गल्लीतल्या सगळ्यांची, आमच्या पोरांचीसुद्धा, रक्तं तपासली. आम्ही वाचलो होतो. त्या दोन म्हशी पशुवैद्यांनी बाजूला काढायला लावल्या, आणि गल्लीत घरोघरी दूध तापायला लागलं. कित्येक म्हातारे ह्याबद्दल आमच्याशी वर्षभर बोलत नव्हते.

होळीला हंबीरराव उठून बसला. पाडव्याला काठी घेऊन चालला. उन्हाळा सरता सरता काठी गेली. मी आनंदानं वेडा झालो होतो. तो चालताना दिसला की मी अडतीवरनं उठून रस्त्यात जायचो आणि विनाकारण त्याच्या पाठीत बुक्की घालायचो.

त्यानंतरच्या श्रावणात तो शेवटचा फोटो काढायला आला. हातात खरवसाचा डबा. "शिजिवल्याला हाय वैनी, भिऊ नगासा," म्हणून स्वतःच खो खो हसला. फोटो निघाला. शिवलीलाला काय आनंद! तिनं पेटीवर पहिला फोटो आणि आजचा शेजारी शेजारी लावले, त्याला हाताला धरून पुढं आणलं आणि सुरू झाली, "हे बघा भावजी, हा कोपरा इथं खाल्लेला, ही पोपटाची चोच, आणि इथं बघा, भरला! कसा पक्का झालाय बघा! आता तालमीत जायला हरकत नाही!"

हंबीरराव बघत होता. पहिल्या फोटोवर त्यानं जाड बोट ठेवलं.

"वैनी, ह्यो पयला फोटू न्हवं? पावसाळ्यातला?"

"हो."

"मग ह्ये कुरतडल्यालं, आन् ती चोच, तवाबी हितं असंच दिसत हुतं?"

मला कळलं तो काय विचारतोय. मी घाईनं म्हणालो, "अरे, त्या वेळी एवढं ठळक..." तिनं हात वर करून मला गप्प केलं.

"व्हय भावजी," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच दिसत होतं. मी बघितलं न्हाई."

"म्हंजी त्यो पावसाळा, ती दिवाळी, त्ये अंथरुणात पडून..."

"फुकट गेलं. माझ्यामुळं. दुसऱ्या कुणाचं नाव मी घेणार नाही. फोटो बघायचं काम माझं होतं."

त्यानं डबा टेबलावर ठेवला, आणि जिना उतरून गेला. ताठ, पाठीला हात न लावता. मी खिडकीतनं बघितलं, तो रस्ता ओलांडत होता. संपलं, मला वाटलं. शाळेपासूनची मैत्री संपली. मला हिचाच राग आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती? त्याला काय कळणार होतं? शिवलीला पेटीसमोर उभी होती आणि रडत होती.

मग जिन्यावर पावलं वाजली. हंबीरराव परत आला होता, आणि मागं तानाबाई, पदर सावरत. तिला तो समोरच्या पारावर बसवून आला होता.

"हिचं गुडघं दुखत्यात लई दिस," तो म्हणाला. "उद्या मिरजंला न्ह्यायचं ठरीवलं हुतं. आता न्हाई न्हेत. तुमीच काढा फोटू."

शिवलीलानं ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "भावजी, एवढं सगळं होऊनपण माझ्याकडं?"

"मग कुणाकडं न्हेऊ?" तो नेहमीसारखा मोठ्यानं म्हणाला. "चुकलं तर चुकलं म्हणून सांगणारं दुसरं कोण हाय हितं?"

तिनं डोळे पुसले आणि तानाबाईला आत नेलं.